वाचनालयाची साइट: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

वेब डिझाइनच्या क्लासच्या प्रकल्पाचा विषय एकदाचा मंजूर झाला. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट: माहितीचं पान, वर्गणी आणि अनामतीचे नियम, नवीन पुस्तकं, आणि मुख्य म्हणजे पुस्तक शोधायची सोय. सरांना शॉपिंग कार्ट हवी होती. बॅचमधल्या निम्म्या मुलांचा प्रकल्प एकच आहे, मोबाइल कव्हरचं दुकान. फोटो नेटवरचे, ग्राहक कुणीच नाही. "सर्च म्हणजे एक बॉक्स आणि एक बटण. त्यात दाखवण्यासारखं काय आहे?" असं म्हणतच सरांनी सही केली.

लॅपटॉप सेकंडहँड, चार जीबी रॅमचा. ब्राउझर आणि एडिटर एकत्र उघडले की पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत जातो. नेट फोनचं. सकाळी सांगलीला क्लास, संध्याकाळी अण्णांच्या डीटीपीच्या दुकानात काम, मधला वेळ एसटीत.

ग्रंथपाल मॅडमना उद्घाटन २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला हवंय. कमिटीला त्यांनी सांगूनही टाकलंय.

९ जानेवारी

पुस्तकांची फाइल मिळाली. अकरा हजारांच्या आसपास ओळी. दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, विषय, किंमत, कपाट. हे सगळं टाइप केलेलं आहे हे बघून बरं वाटलं. घरी येऊन फाइल उघडली, तर बहुतेक रकान्यांत इंग्रजी अक्षरांचा कचरा. माझ्या लॅपटॉपवर कृतिदेव हा फाँट नव्हता.

क्लासमध्ये हे कुणी सांगत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते. कृतिदेवात टाइप केलेल्या फाइलमध्ये मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं असतात आणि फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार काढतो, एवढंच. फाँट काढून घेतला की 'मराठी' या शब्दाचं उरतं काय, तर ई, जे, के, कॅपिटल बी, एच. माणसाला कागदावर छापून द्यायचं असेल तर काही बिघडत नाही. पण शोधायचं असेल तर संपलं. फोनवर कुणी 'मराठी' टाइप केलं तर ते या ई-जे-केशी कशाला जुळेल?

संध्याकाळी दुकानात विषय काढला. अण्णा हसायला लागले. "अगं, ती यादी आपल्याच दुकानात टाइप झालीय. मीच केलीय. रेमिंग्टनवर, की-बोर्डकडं न बघता." रेमिंग्टन म्हणजे जुन्या टाइपरायटरची कळांची मांडणी. अभिमानानं सांगत होते. मी गप्प बसले.

१३ जानेवारी

कृतिदेवातला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फोन आणि ब्राउझर ओळखतात त्या खऱ्या मराठी अक्षरांत, आणणारे फुकटचे कन्व्हर्टर बघितले. पहिल्या शंभर ओळी टाकल्या की नव्वद टक्के बरोबर येतं, आणि तिथंच फसायला होतं. उरलेले दहा टक्के अकरा हजार ओळींत कुठं कुठं लपलेत हे कोण शोधणार?

उदाहरणार्थ किंमत. किंमतीचा रकाना अण्णांनी साध्या इंग्रजी फाँटमध्ये टाइप केलाय. कन्व्हर्टरला फाँट दिसत नाही, तो समोर येईल ते सगळं बदलतो. कृतिदेवात तिरकी रेघ म्हणजे अर्धा ध, आणि आडवी रेघ म्हणजे पूर्णविराम. त्यामुळं १५० रुपयांच्या पुढं '/-' असं जे शेपूट असतं त्याचं झालं 'ध्.'. सगळ्या रकान्यात खाली बघत जा: १५०ध्., ८०ध्., २२५ध्.

आणि वेलांटी. रेमिंग्टनवर पहिली वेलांटी आधी टाइप करतात आणि अक्षर नंतर, कारण टाइपरायटरवर ती डावीकडं उमटते. युनिकोडमध्ये अक्षर आधी, वेलांटी नंतर. म्हणजे कन्व्हर्टरनं वेलांटी उचलून पुढं न्यायला हवी. 'विहीर' सारख्या शब्दात तो नेतो. 'स्थिती' आला की अर्ध्या सच्या मागंच टाकून देतो आणि थ एकटा राहतो. रफाराचं उलटं. 'विद्यार्थी'तला रफार थी पूर्ण झाल्यावर टाइप केलेला असतो, तो थच्याही आधी आणून बसवावा लागतो.

उद्या संक्रांत. दुकानात तिळगुळाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स.

१६ जानेवारी

दुरुस्तीसाठी दिवसभर लाइट बंद. बॅटरी तासाभरात संपते. काही काम नाही.

२० जानेवारी

कन्व्हर्टर सोडून दिला, स्वतःची स्क्रिप्ट लिहायला घेतली. जावास्क्रिप्टमध्येच, दुसरं येत नाही. अडचण होती ती तक्त्याची: कुठल्या कळीला कुठलं अक्षर. नेटवर सापडलेले तक्ते हिंदीसाठी केलेले आहेत. ळ असतो, पण जोडाक्षरं कमी पडतात.

मग लक्षात आलं की तक्ता माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेला आहे. अण्णांना विचारलं, "रफार कुठंय?" पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, "कॅपिटल झेड." ळ? "कॅपिटल जी." अर्धा स? "कॅपिटल एल." आठवून सांगत नव्हते, बोटं हवेत हलवून सांगत होते. काही कळा तर त्यांना तोंडानं सांगताच येईनात, की-बोर्ड पुढं ओढून दाबून दाखवल्या. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हणाले, "थांब रे, कॉम्प्युटरचं काम चाललंय."

स्क्रिप्टचा क्रम असा ठरवला: किंमत आणि दाखल क्रमांक हे रकाने वगळायचे. आधी जोडाक्षरं, मग सुटी अक्षरं. लांब तुकडे पहिल्यांदा बदलायचे, नाहीतर छोटे त्यांना खातात. सगळं झाल्यावर वेलांट्या आणि सगळ्यात शेवटी रफार. वेलांटीच्या पुढं कितीही अर्धी अक्षरं असली तरी पहिल्या पूर्ण अक्षराच्या पलीकडं न्यायची. 'स्थिती' सुटली.

२४ जानेवारी

क्लासचा दिवस. फ्लोट ही मांडणीची जुनी पद्धत वापरून तीन रकान्यांची मांडणी शिकवली. ग्रिड आणि फ्लेक्सबॉक्स या नव्या पद्धती सगळे ब्राउझर गेली कित्येक वर्षं समजतात, पण नोट्स बदललेल्या नाहीत आणि परीक्षेतले प्रश्न नोट्समधूनच येतात. म्हणून प्रकल्पात ग्रिड वापरायचा आणि पेपरात फ्लोट लिहायचा.

जर्नल मात्र हातानं. सीएसएसचा, म्हणजे पानाचं रूप ठरवणारा, कोड रेघांच्या पानांवर निळ्या पेनानं उतरवायचा, उजव्या बाजूला आउटपुटचं चित्र पेन्सिलनं काढायचं. महिरपी कंस विसरला तर सर लाल गोल करतात. कागदावरचा कोड कुठल्या ब्राउझरमध्ये चालवून बघायचा हे विचारायचं नाही. बटणाची सावली पेन्सिलनं शेड करताना मैत्रिणीचा हात काळा झाला. तिला शेडिंगचा एक मार्क जास्त मिळाला.

वर्गातला प्रोजेक्टर पिवळट दाखवतो. रंगसंगतीचा तास त्याच्यावरच झाला.

२९ जानेवारी

डेटा ठीकठाक, म्हणून दिसण्याकडं वळले. पुस्तकाचं एक कार्ड: वर नाव, खाली लेखक, कोपऱ्यात कपाट क्रमांक. हे ट्युटोरियल बघून केलं आणि सगळ्या शीर्षकांची डोकी उडाली.

नीट बघितलं. ट्युटोरियलमध्ये शीर्षकाची लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, १.१ होती आणि कार्डाला ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे चौकटीबाहेर जाईल ते कापायचं. इंग्रजी अक्षरांना तेवढी जागा पुरते. आपल्याकडं 'मूर्ती' लिहिलं की ओळीच्या वर वेलांटी, तिच्यावर रफार. खाली दीर्घ ऊकार. 'कृष्ण'ची ऋकाराची शेपटी कापली गेली की तो सरळ 'कष्ण' होतो. मजकुराला १.७ आणि शीर्षकाला १.४ केलं, मग सगळं आत आलं. पण कार्ड उंच झालं, आणि फोनवर जिथं चार दिसत होती तिथं तीन दिसायला लागली. चालेल.

दुसरं, लेटर-स्पेसिंग. नमुन्यात छोट्या शीर्षकांची अक्षरं ऐसपैस केली होती, फॅशन आहे. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि दोरी तुटून कपडे वेगवेगळे लोंबावेत तसा शब्द दिसतो. शून्य केलं. टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म अपरकेस, म्हणजे सगळी अक्षरं कॅपिटल करणं, आपल्याकडं निरुपयोगीच, ते काढलं. तिरका मजकूर काढला. नमुन्यातली निम्मी कलाकुसर अशी गळून गेली, आणि उघडं सांगायचं तर पान सुधारलं.

तिसरं, लांब नावं. चोवीस अक्षरांनंतर कापून तीन ठिपके द्यायचे असा कोड होता. जावास्क्रिप्ट अक्षरं मोजत नाही, आतले तुकडे मोजते. 'स्वातंत्र्य' डोळ्याला तीन अक्षरं, तिच्या हिशेबानं अकरा. त्यामुळं कापणी शब्दाच्या पोटात होते आणि 'स्वातंत्' असा लंगडा शब्द उरतो. मोजणी काढून टाकली, सीएसएसमध्येच लाइन-क्लॅम्प लावला, तो दोन ओळींनंतर मजकूर कापतो.

३ फेब्रुवारी

फाँट. मजकुराला मुक्ता, मुंबईच्या एक टाइपनं केलेला. वजनं, म्हणजे जाडीचे प्रकार, सात आहेत आणि बारीक आकारातही गिचमिड होत नाही. शीर्षकांना तिरो देवनागरी मराठी घेतला. याच घराण्यात हिंदी आणि संस्कृत असे वेगळे फाँट आहेत. मराठीत ल आणि श आपल्या वळणाचे मिळतात. हे दिसायला बारीक वाटेल, पण मॅडमनी पान बघितल्या बघितल्या "हा श आपला आहे" म्हटलं. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं.

त्रास असा, की तिरोला साधं आणि तिरकं एवढंच रूप आहे, ठळक नाही. शीर्षकाच्या टॅगला ब्राउझर आपणहून ठळक करायला जातो आणि ठळक रूप सापडलं नाही की आहे त्यालाच फुगवतो. 'क्ष'ची पोकळी भरून जाते. फाँट-वेट ४००, म्हणजे साधी जाडी, लिहून त्याला गप्प केलं.

एचटीएमएलच्या टॅगमध्ये लँग 'एमआर' लिहिलं. क्लासच्या टेंप्लेटमध्ये सगळीकडं 'ईएन' आहे. अंधांना पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर पानाची भाषा तिथूनच ओळखतो, म्हणजे मराठी पान तो इंग्रजी समजून वाचायला घेणार. सरांना सांगितलं. म्हणाले, "ते ऑटोमॅटिक येतं, राहू दे."

सरांनी डिझाइनही बघितलं. "मेनू तरी इंग्लिश कर, प्रोफेशनल वाटेल." नाही केला.

७ फेब्रुवारी

मॅडमच्या फोनवर चाचणी. पाच-सहा वर्षांचा फोन, पडद्याला तडा, रुंदी ३६० पिक्सेल. वाचनालयाच्या जाड भिंतींत रेंजही एकच दांडी. पान उघडायला इतका वेळ लागला की त्या मधेच उठून एका सभासदाचं पुस्तक बदलून आल्या.

कारणं दोन. फाँटची सगळी वजनं मी मागवत होते, लागतात दोनच. आणि सगळी यादी पहिल्याच पानावर उतरत होती. वजनं कमी केली, यादी शोध सुरू केल्यावर मागवायची असं केलं, आणि फाँट येईपर्यंत फोनमधल्याच फाँटात मजकूर दाखवायला फाँट-डिस्प्ले स्वॅप लावला. त्यांच्याच फोनवर परत बघितलं, बसल्या जागी उघडलं.

करड्या पार्श्वभूमीवर करडी अक्षरं होती तीही बदलली. मजकुराला निदान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट हवा असं वेब सुलभतेचे नियम सांगतात. वाचनालयात दुपारी येणारे निम्मे लोक मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले किंवा व्हायचे आहेत.

११ फेब्रुवारी

आज खरी डोकेदुखी सापडली. मॅडमनी शोधून बघितलं: 'ॲड.' म्हणजे वकील लेखकांची पुस्तकं. उत्तर: एकही पुस्तक नाही. त्यांनी पाठीमागच्या कपाटातून एक काढून टेबलावर ठेवलं. "हे काय आहे मग?"

यादीत बघितलं, आहे. पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. आतून वेगळे. फोनचा की-बोर्ड ॲ हे एकच अखंड अक्षर देतो, क्रमांक ०९७२. हे युनिकोडमध्ये आलंच मुळी २००८ मध्ये. कृतिदेवात ते नाहीच. अण्णांनी आधी अ आणि त्याच्या डोक्यावर चंद्र असं टाइप केलंय, आणि माझ्या स्क्रिप्टनं इमानानं तसंच दोन तुकड्यांत आणलं. डोळ्याला एक, मशीनला दोन. नॉर्मलायझेशनचं, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं, तयार फंक्शन यात मदत करत नाही, कारण युनिकोडच्या लेखी हे दोन समान नाहीतच. हाती बदलावं लागतं.

एकदा शोधायला बसल्यावर रांगच लागली. 'कोऱ्या', 'वाऱ्या' यातला तो र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक नुक्त्याचा ऱ वापरून, दुसरा साध्या रनंतर एक न दिसणारा जोडणारा तुकडा घालून. दिसणं तेच. तो न दिसणारा तुकडा नुसता पुसून टाकावा तर 'आचाऱ्यांना'चं 'आचार्यांना' होतं, म्हणजे स्वयंपाक्याचं पत्र गुरुजींना. तेव्हा आधी ऱ करायचा, मग पुसायचं.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे जुनी पुस्तकं. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येण्याआधीची नावं दाखल नोंदवहीत जशीच्या तशी उतरवलेली आहेत: 'कांहीं', 'नांव', 'पांच'. आजचा माणूस 'काही' टाइप करणार. शिवाय फोनवर ऱ्हस्व-दीर्घ बघतंय कोण?

शेवटी असं केलं. प्रत्येक नावाची एक गुपचूप प्रत तयार करायची, ती पडद्यावर येत नाही. तिच्यात ॲ एकाच प्रकारचा, सगळ्या वेलांट्या पहिल्या, सगळे उकार ऱ्हस्व, अनुस्वार पुसलेले. शोधणाऱ्यानं टाइप केलेल्या शब्दालाही हीच वागणूक द्यायची आणि मग दोन प्रती जुळवायच्या. तोटा असा की 'दिन' शोधला तर 'दीन'ही येतो, 'संत' शोधला तर 'सत'ही. मॅडमना विचारलं, चालेल का? म्हणाल्या, "चार जास्त दाखव, मी बघून घेईन. पण असलेलं पुस्तक नाही म्हणून सांगू नकोस. माणूस परत येत नाही."

सरांच्या 'एक बॉक्स, एक बटण'च्या मागं हे आहे.

१७ फेब्रुवारी

परवा शिवजयंती. दुकानात उभं राहायला जागा नाही. मंडळांचे फ्लेक्स, प्रत्येकावर वर महाराज, मधे नेते, खाली कार्यकर्त्यांची गोल गोल तोंडं. तोंडं वाढत जातात तसे महाराज लहान होत जातात. एकानं रात्री व्हॉट्सॲपवर स्वतःचा फोटो पाठवला, गॉगल घातलेला, अंगठ्याएवढा, आणि "एचडी कर" म्हणाला. कुठून करू?

प्रकल्पाचं काम बंद. डिझाइनमध्ये मोकळी जागा किती महत्त्वाची यावर परवा क्लासमध्ये तासभर लेक्चर ऐकलं होतं. काल एका अध्यक्षांना एवढीशी मोकळी जागा दिसली, तर त्यांनी भाच्याचा फोटो मागवला.

२० फेब्रुवारी

वर्णानुक्रम. साधा सॉर्ट लावला की मशीन क्रमांकांप्रमाणं लावतं: ॲ सगळ्यात शेवटी, ह संपल्यावर. सगळे वकील तळाला. आणि 'क्ष'ची पुस्तकं कच्या पोटात. ब्राउझरमध्ये मराठी वर्णक्रम तयार असतो, तुलना करताना भाषा 'एमआर' सांगायची एवढंच. क्ष आणि ज्ञ आपल्या जागी, ह आणि ळच्या पुढं गेले.

मॅडमना यादी छापून हवी होती म्हणून सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातल्या तक्त्याची फाइल, करून दिली. त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडली तर डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या इंग्रजी ए-ची रांगच्या रांग. फाइल बरोबर होती. उघडणाऱ्या प्रोग्रामला ती यूटीएफ-८ आहे, म्हणजे युनिकोड साठवायच्या पद्धतीत आहे, हे कळलं नव्हतं. सुरुवातीला तीन बाइटची खूण घालून सेव्ह केली, उघडली. अण्णा म्हणाले, "बघ, कृतिदेवला असलं काही होत नाही."

२४ फेब्रुवारी

साइट चढवली. फुकटच्या होस्टिंगवर, नुसत्या स्थिर फाइली आणि यादीची एक जेसन फाइल. सर्व्हर नाही, डेटाबेस नाही, दरवर्षीचं बिल नाही. कमिटीच्या चिटणीसांना हे पटत नव्हतं. फुकट म्हणजे कधीतरी बंद पडणार, असं त्यांचं म्हणणं. म्हटलं, यादीची प्रत पेन ड्राइव्हवर तुमच्याच कपाटात ठेवा, साइट बंद पडली तरी तासाभरात दुसरीकडं चढेल. डोमेन विकत घ्यायचा विषय पुढच्या सभेवर. सरकारी अनुदानाचा हप्ता आल्यावर बघू, असं ठरलं. म्हणजे पत्ता तूर्त लांबलचक. वहीच्या पुठ्ठ्यावर क्यूआर कोड छापून देवघेव विभागाच्या खिडकीत लावला.

२७ फेब्रुवारी

उद्घाटन. प्रोजेक्टर भाड्यानं आणलेला, त्याला जुनी निळी पिन. माझ्या लॅपटॉपला नवी. मधला कनेक्टर गावात कुणाकडं नाही. पाहुणे बोलत होते तोपर्यंत एक मुलगा मोटरसायकलवर तासगावला गेला. पाहुण्यांनी ३ ऑक्टोबर २०२४ च्या अभिजात दर्जापासून सुरुवात केली ती ज्ञानेश्वरांपर्यंत मागं गेले आणि परत येईनात. त्यामुळं वेळ पुरला, कनेक्टर आला.

बटण दाबलं, टाळ्या झाल्या. मग खुर्चीतून एक निवृत्त गुरुजी उठले, खिडकीपाशी जाऊन क्यूआर स्कॅन केला आणि फोनवर एका बोटानं टाइप करत बसले. कार्यक्रम संपेपर्यंत मला पाठमोरेच दिसत होते. नंतर आले. "सापडलं की गं! १९५४ सालचं आहे. तीन वर्षं झाली मी विचारतोय, कुणाला माहीतच नव्हतं." जुन्या वळणाच्या नावाचं पुस्तक, त्यांनी आजच्या वळणानं टाइप केलेलं. कपाट १४.

मॅडम चावी घेऊन गेल्या. कपाट १४ मध्ये पुस्तक नाही.

दाखल नोंदवहीत आहे, म्हणून यादीत आहे, म्हणून साइटवर आहे. कुणीतरी नेलं, परत आणलं नाही, किंवा वाळवीनं खाल्लं. गुरुजी काही बोलले नाहीत. मॅडमनाच वाईट वाटत होतं.

४ मार्च

व्हायवा. बाहेरून आलेले परीक्षक दहा मिनिटं होते. पहिला प्रश्न: "लॉगिन पेज कुठंय?" वाचनालयाची यादी बघायला लॉगिन कशाला, म्हटलं. दुसरा: "स्लायडर नाही?" म्हणजे आपोआप सरकणारे फोटो. तिसरा प्रश्न फ्लोटवर, जर्नलमधलं पान उघडून. शोध चालतो का हे त्यांनी विचारलं नाही. मीच बॉक्समध्ये 'काही' टाइप करून 'कांहीं'ची पुस्तकं दाखवली. त्यांना वाटलं स्पेलिंगची चूक आहे. "हे दुरुस्त करून घ्या," म्हणाले.

मोबाइल कव्हरच्या चारही दुकानांना माझ्यापेक्षा जास्त मार्क.

१० मार्च

नवीन काम निघालंय. मॅडमनी पुस्तक पडताळणी काढली. कपाटागणिक एक मुलगा आणि एक वही. यादीला 'स्थिती' नावाचा रकाना वाढवला: आहे, दिलेलं, बांधणीला, गहाळ. साइटवर गहाळ पुस्तक फिकं दिसेल, पण दिसेल. मॅडमचा आग्रह आहे की नाव काढायचं नाही, कदाचित कुणाच्या घरी असेल आणि बघून आणून देईल. कपाट १ ते ५ झाली. वहीतलं शीटमध्ये भरायचं काम माझ्याकडं, दर रविवारी.

अण्णांना स्क्रिप्टचं कळलंय. दुकानात वीसेक वर्षांच्या लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, अहवाल, सगळं कृतिदेवात पडून आहे आणि लोक हल्ली व्हॉट्सॲपवर मजकूर मागतात. "मग आपल्या सगळ्या फायली तसल्या करून टाक की," म्हणाले. किती देणार, विचारलं. बाहेर बघून चहावाल्याला हाक मारली. मी म्हटलं, चहा वेगळा, फायलीमागं पाच रुपये वेगळे. तीनवर आलेत. उद्या परत बोलू म्हणालेत.